पत्ता पाठ

"खोली नंबर चौदा, भोईर चाळ, पाण्याच्या टाकीमागे," रेणूने न अडखळता पत्ता म्हटला.

विशाखाबाईंच्या बालवाडीत गाण्यांआधी घरचा पत्ता पाठ करावा लागे. तीन वर्षांपूर्वी रेणूचा भाऊ चेतन याच वर्गात होता. बाजारात आईचा हात सुटून तो हरवला, तो सापडलाच नाही. बाईंनी त्याला बारा गाणी शिकवली होती. पत्ता शिकवायचा राहून गेला होता.

"शाब्बास. चाळ पाडणार आहेत ना? आता नव्या घराचाही शिकू."

"आम्ही नाही जाणार, बाई. आई म्हणते, दादाला हेच घर माहीत आहे."

घर चेतनला माहीत होतंच. फक्त कुणाला सांगता येत नव्हतं.

त्या दिवशी बाईंनी पुढच्या मुलाला पत्ता विचारला नाही.