सरांची काळजी

"मुलांच्या फुटबॉल संघात मलाही घ्या," असं ती म्हणाली आणि खेळाच्या सरांच्या अंगावर काटाच आला. "अगं, पोरांचे फटके कसले असतात! एखादा नाकावर बसला, तर तुझ्या आईला मी काय तोंड दाखवू?" एवढ्या काळजीने त्यांनी तिला संघाबाहेर ठेवलं.

सरावात मात्र गोलकीपरचे हात दुखायचे, म्हणून सर रोज तिलाच गोलपोस्टसमोर उभं करायचे. अख्खा संघ तिच्यावर फटके सोडायचा. तिने अडवला, की सर फटका मारणाऱ्यावर खेकसायचे, "मुलीसारखा काय खेळतोस रे?"

अंतिम सामन्यात गोलकीपरने मध्यंतरापर्यंतच चार गोल खाल्ले. पाण्याच्या बाटल्या भरायला आणलेल्या तिच्या देखतच सरांनी त्याची गचांडी धरली.



"अरे गाढवा, निदान या मुलीसारखा तरी खेळ!"