रोनकच्या लग्नाची लॉकवाली फिल्म

धुळ्याच्या साडूने फुकटात कॉपी मारून नेऊ नये, म्हणून जळगावच्या लखीचंदभाऊंनी पोराच्या लग्नाच्या फिल्मला खास लॉक मारून घेतलं होतं. फिल्म चालायची ती फक्त त्यांच्या हॉलमधल्या टीव्हीवर. पुढे तो टीव्ही जळाला आणि त्यानंतर भाऊंच्या पत्नी धापूबाईही गेल्या. बायकोने लग्नात म्हटलेलं गाणं त्या फिल्मशिवाय कुठेच नव्हतं.

भाऊंनी भिंतीएवढा नवा टीव्ही आणला आणि पेनड्राइव्ह लावला. पडद्यावर आलं, 'आपण या फिल्मचे अधिकृत मालक नाही.'

"अरे, नवरदेवाचा बाप आहे मी," भाऊ टीव्हीला म्हणाले.

"पप्पा, त्याला आधार कार्ड दाखवून बघा," रोनक म्हणाला.

शेवटी भाऊ शेजारच्या सत्तारभाईंकडे गेले. फिल्म पहिल्यांदा सगळ्यांना दाखवली, तेव्हा सत्तारभाई मोबाइलवर शूटिंग करताना सापडले होते. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं.

"सत्तारभाई, ती तुमची चोरीची कॉपी आहे का अजून?"

"आहे ना भाऊ. भाभी गायला लागल्या म्हणून तर मोबाइल काढला होता."

भाऊंनी मोबाइल दोन्ही हातांत धरला. धापूबाईंनी नवरा-नवरीच्या, बन्ना-बन्नीच्या गाण्याची पहिली ओळ उचलली.



लगेच भाऊंचाच आवाज आला, "ए सत्तार, चोरी करतो का? बंद कर तो मोबाइल." मग क्षणभर सतरंजी दिसली आणि व्हिडिओ संपला.