परग्रहावरची पाहुणी

"याडी, बोंबल ना! बोंबलत पळ!" भारत कॅमेऱ्यामागून ओरडला. पण त्याची आई, रुपीबाई, पळाली नाही.

रॉकेटचं दार उघडलं होतं. धूर निघाला होता. परग्रहावरचा प्राणी डुलत डुलत बाहेर आला होता. आता रुपीबाईने डोक्यावरची घागर टाकून किंचाळत घराकडे पळायचं होतं. इतकं साधं काम! आणि ही बया कमरेवर हात ठेवून प्राण्याकडे टक लावून उभी.

भारतच्या अंगाचा तिळपापड झाला. लग्नांचं शूटिंग करून उरलेल्या वेळात तो मोबाइलवर बघायचे पिक्चर काढायचा. जुन्या जमान्यातल्या अंतराळपटांची टर उडवणारे, काळेपांढरे. महागावचा अख्खा बाजार त्यावर पोट धरून हसायचा. रॉकेट म्हणजे धान्याची पत्र्याची कोठी. प्राण्याचं डोकं म्हणजे भोकं पाडलेला जर्मनचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, त्यात एरवी दहा माणसांचा भात शिजायचा. अंगाला शेतात अंथरायचा चंदेरी मल्चिंग पेपर. किरणांची बंदूक म्हणजे फवारणीचा पंप. खर्च नाही, पण मेहनत तर होती ना! कोठीखालचा ओला पाला असा धूर एकदाच सोडणार होता, आणि ऊनही उतरत आलं होतं.

शिवाय ही कथा त्याच्या काळजातली होती. परका प्राणी बंजाऱ्यांच्या तांड्यात उतरतो, गोड बोलून घरात शिरू बघतो, आणि तांडा त्याला पंप मारत हद्दीबाहेर हाकलतो. हा टोमणा कोणाला, हे सगळ्यांना ठाऊक होतं. धाकट्या भावाने, बादलने, वणीच्या उर्वशीशी लग्न केलं. मुलगी दुसऱ्या समाजातली. भारत दारात आडवा उभा राहिला आणि म्हणाला, ही बाई तांड्यात पाऊल टाकणार नाही. तेव्हापासून नवराबायको वणीलाच राहत होते. सासू-सुनेची भेट फोनवर, तीही भारत घरात नसताना.

रुपीबाईने घागर खाली ठेवली. टाकली नाही, नीट ठेवली. मग पुढे होऊन तिने प्राण्याच्या गळ्यात हात टाकले आणि सूर धरून रडायला लागली.

"अरे, कायले रडते?" भारतने कपाळ बडवलं. "रोशन हाय तो! सकाळीच तं तू त्याले चहा पाजला!"

रुपीबाईचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. तांड्यात फार दिवसांनी आपलं माणूस भेटलं की बायका अशाच गळ्यात पडतात. नात्याचं नाव घेऊन, मधल्या काळातली सुखदुःखं सांगत, सुरात रडतात. परक्यासाठी असं कोणी रडत नाही. आणि एकीने सूर धरला की ऐकणाऱ्या बाईला हातावर हात ठेवून बसवत नाही. तांड्याचा प्रमुख, म्हणजे नायक, धरमसिंग; त्याची बायको सुखीबाई शूटिंग बघणाऱ्या गर्दीतून उठली. तिच्यामागे संगीता उठली. मग बबिता उठली. बघता बघता प्राण्याभोवती बायकांचा घोळका झाला. कॅमेरा चालूच होता.

"बंद करा हे! समद्या पिक्चरचा सत्यानाश केला!" भारत तावातावाने पुढे आला, आणि रडण्यातले शब्द त्याच्या कानावर पडले. "माया बादलची बायको गं, किती दिवाळ्या गेल्या गं..."

गंजातून बाईचं रडणं घुमलं.

भारत जागीच थांबला. प्राण्याचं सोंग चढवायचं काम याडीने हट्टाने आपल्याकडे घेतलं होतं. दार लावून, कोणाला आत येऊ न देता. आणि रोशन? तो मघापासून बाभळीखाली नजर चुकवत बसला होता.

"याडी, हे मायं पिक्चर हाय!" त्याचा आवाज संतापाने फाटला.

रुपीबाई वळली. डोळे वाहत होते, पण आवाज चांगला कडक होता. "आभाळातली भुतं उतराले तुया तांड्यात जागा हाय, अन् माया सुनेले नाही? भाताचा गंज डोक्यात घालून आली बिचारी. लाज तुले वाटाले पायजे!"

भारत लालबुंद झाला. त्याने पंप घेऊन उभ्या असलेल्या बाप्यांकडे मोर्चा वळवला. "धरमसिंग काका, तमाशा काय पाहून राह्यले? ठरलं तसं करा! परक्याले हाकला!"

धरमसिंग नायक पिक्चरमध्येही नायकच होता. प्राण्याच्या गळ्यात अजून त्याचीच बायको होती. त्याने पंपाचा दांडा दोनदा मारला आणि नळी सावकाश भारतकडे वळवली.

"हाकलतो ना. पण ते तं समद्यायची सगी झाली. आता परका तू एकटाच उरला, बापू."