नाटकातल्या आत्याबाई

पेपर कुठे लपवायचा यावरून सकाळी साडेसातला नवरा-बायकोत जुंपली. नवऱ्याने तो फ्रिजमागे सरकवला होता. अभिनेत्रीने तो ओढून काढला, घडी मोडून पुन्हा नीट घातली आणि कपाटात चादरींखाली ठेवला. मग चादरीही नीट लावल्या, कारण त्या नवऱ्याने लावल्या होत्या.

लपवावं असं वाईट त्यात काहीच छापलेलं नव्हतं. उलट अकरा वर्षं ती ज्याची वाट पाहत होती, तेच आलं होतं. आजवर समीक्षक तिचा अभिनय डोक्यावर घ्यायचे आणि लेखनाची 'स्तुत्य प्रयत्न' एवढ्यावर बोळवण करायचे. या वेळी त्यांच्यातल्या सगळ्यात खडूस माणसाने तिच्या नाटकावर अर्धं पान लिहिलं होतं. नाटकात तिनेच रंगवलेल्या आत्याबाईंवर तो साफ लट्टू झाला होता. दुसऱ्याने लावलेलं कपाट उपसून पुन्हा लावणारी, समोरच्याचं वाक्य स्वतःच पुरं करणारी, घरात कोणाला सुखाने चूकही करू न देणारी ही बाई. 'अशी बाई लिहायची, तर ती घरात वर्षानुवर्षं सोसलेली असावी लागते,' असं त्याने लिहिलं होतं. पुढे म्हटलं होतं, 'आणि रंगमंचावर तर या अभिनय करताहेत असं वाटतच नाही.'

घोळ त्या 'सोसलेली'मध्ये होता. आत्याबाई सासूबाईंवरून बेतल्या होत्या. सासूबाई इस्पितळातून मेट्रन म्हणून निवृत्त झालेल्या. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात त्यांनी सुनेने वाळत घातलेला टॉवेल एकदा झटकून पुन्हा घातला होता. सुनेने ते वहीत टिपून ठेवलं आणि पुढे त्या एका टॉवेलातून अख्खं दोन अंकी नाटक निघालं. सासूची आत्या केली, एवढीच काय ती खबरदारी. हे सगळं तिने त्या सकाळी नवऱ्याला सांगितलं, तेव्हा त्याला असा काही ठसका लागला की तो उठून अंघोळीलाच गेला.

सासूबाई फिरून आल्या. पेपर आला नाही म्हटल्यावर 'बरं' म्हणाल्या आणि चहा घेत बसल्या. सुनेला वाटलं, सुटले.

पाचव्या दिवशी ती प्रयोगाची साडी फॉल लावायला तळमजल्यावरच्या शिवणाऱ्या बाईंकडे घेऊन गेली. बाईंनी मशीन थांबवलं आणि तिच्या सासूबाईंचं कौतुक सुरू केलं. केवढं मोठं मन, म्हणाल्या. नाटकातली ती कटकटी आत्या म्हणजे मीच बरं का, असं त्या स्वतः हसत हसत सांगून गेल्या होत्या. औषधांच्या दुकानात सांगितलं होतं, वाचनालयात सांगितलं होतं, लिफ्ट दुरुस्त करायला आलेल्या माणसालासुद्धा सांगितलं होतं. ऐकून अभिनेत्रीचा चेहरा पडला. तशातही तिने बाईंना त्यांच्या शिवणातला उसवलेला एक टाका दाखवला आणि ती जिन्याने वर निघाली.

तीन मजले चढेपर्यंत तिने माफीचं वाक्य तीनदा बदललं. शरमेने तिला धाप लागली होती. इतकी वर्षं एका घरात राहून आपण या बाईला चव्हाट्यावर आणलं आणि तिने चकार शब्द काढला नाही, हे तिला सहन होईना. एवढ्या कष्टाने मिळवलेली शाबासकी आता नकोशी वाटायला लागली.

घरात सासूबाई चष्मा पुसत बसल्या होत्या. शेजारी नवरा मटार सोलत होता.

"आई, माझं चुकलं," ती दारातूनच म्हणाली. "मी तुम्हाला आधी विचारायला हवं होतं."

"अगं, मलाच तुला..."

"सांगायचं होतं, माहितीये. तुम्हाला वाईट वाटलं."

"नाही गं, ऐक तरी, मी..."

"मनाला लावून घेतलंत."

नवऱ्याचे हात थांबले. सासूबाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि सुनेकडे नुसतं पाहिलं.

मग त्यांनी पर्समधून पेपरचं कात्रण काढलं. ते घड्यांवर मऊ पडलं होतं. पहिल्याच दिवशी वाचनालयात त्यांनी ते सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं होतं. नाटकही त्यांनी गुपचूप मागच्या रांगेत बसून दोनदा पाहिलं होतं. दोन्ही वेळा पोट धरून हसल्या होत्या आणि शेवटी रडल्याही होत्या. घराण्यात असं लिहिणारं कोणी झालं नाही, असं त्यांनी अगदी मनापासून सांगितलं. फक्त ती आत्या खरी कोण, अशी इमारतीत कुजबुज सुरू झाली, तेव्हा त्यांना काळजी वाटायला लागली.

"म्हणून मी आपलं माझं नाव पुढे केलं," त्या आवाज खाली आणून म्हणाल्या. "नाहीतर लोकांनी तुला ओळखलं असतं."