रेणूच्या कानांनी

गावंडे बाई वर्ग अर्धवट टाकून बाहेर आल्या आणि कानातलं बटण काढून त्यांनी टेबलावर ठेवलं. ते बटण घातलं की जग रेणूला ऐकू येतं तसं ऐकू यायचं. बाईंना पाच मिनिटंही सोसलं नव्हतं.

स्वमग्न रेणू महिनाभर शाळेच्या फाटकातूनच परत जात होती. सोमवारी आली नाही, तर पटावरून नाव कमी होणार होतं.

"मुलांचा गोंगाट ना?" रेणूच्या आईने, अपर्णाने, विचारलं.

"गोंगाट नाही हो, हे!" बाईंनी हात उचलला. हिरवा चुडा किणकिणला आणि त्या स्वतःच दचकल्या. "डोक्यात खिळे ठोकल्यासारखं वाजतं. आणि मी वेडी, रोज फाटकाशी तिला जवळ घेऊन समजावत होते!"

अपर्णा स्वतःच्या मोकळ्या मनगटांकडे बघत राहिली.

"दोन वर्षांची असताना भरवायला गेले की किंचाळायची. बांगड्या काढल्या तेव्हा जेवायला लागली. सासूबाईंनी केवढं सुनावलं होतं! आणि मी ते पार विसरले, बाई."

सोमवारी रेणू फाटकाशी नेहमीसारखी थबकली. समोर बाई उभ्या होत्या. लग्नाला जेमतेम दोन महिने झालेले, तरी हात रिकामे. रेणूने त्यांचं एक मनगट कानाशी नेऊन हलवून पाहिलं, मग दुसरं. मग त्यांना तिथेच सोडून ती तरातरा वर्गाकडे निघाली, जणू इतके दिवस उशीर बाईंनीच केला होता.