दाराची कडी

संध्याकाळी फक्रुद्दीनची मोटारसायकल गल्लीत वाजली की शमशाद पाच वर्षांच्या लेकीला, शिफाला, घरात ओढायची आणि आतनं कडी लावायची. पोरगी दारावर बुक्क्या मारत "अब्बा, अब्बा" करून रडायची. शेजारणींना वाटायचं, नवरा पिऊन येत असणार.

तो मात्र परड्यातल्या न्हाणीत डोक्यावरनं आंघोळ करायचा, कामाचे कपडे वेगळ्या बादलीत बुडवायचा आणि मगच दार वाजवायचा. जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायचं त्याचं काम. शिफाच्या रक्तात शिसं निघालं, तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, "ही धूळ इतकी बारीक असते की डोळ्यांना दिसत नाही. तुमच्या कपड्यांतून घरी येते. आंघोळ होईपर्यंत मुलीला जवळ घेऊ नका."

पुढं रिपोर्ट सुधारत गेले. शिफा पोटभर जेवायला लागली, आणि पुढच्या वर्षी तर हट्ट करून तालमीत कुस्ती शिकायला जायला लागली.

रविवारी फक्रुद्दीन धुतलेला पांढरा सदरा घालून उंबऱ्यात बसला होता. तालमीतली लाल माती अंगभर माखून शिफा आली आणि लांबच थांबली.

"अब्बा, आत जावा अन् कडी लावा. माझी आंघोळ व्हायची हाय."

फक्रुद्दीननं पुढं होऊन पोरीला तसंच छातीशी धरलं. सदरा लाल झाला.

"लागू दे की," मागनं शमशाद म्हणाली, "ही माती डोळ्यांना दिसती तरी."