आकडा उतरला

पोहण्याच्या तलावावर क्लोरीन वायू छातीत गेल्यापासून शिरीष आयसीयूत गुंगीत पडून होता आणि बाहेर त्याच्या बायकोचा, वृंदाचा, पाय एका जागी ठरत नव्हता. "आजचा सीआरपी किती?" दिसेल त्या नर्सला ती विचारायची. रक्तातला तो आकडा उतरला की फुफ्फुसांची सूज उतरते आहे, एवढं तिला आता पाठ झालं होतं.

भेटीची वेळ सुरू होताच तिनं पलंगाच्या पायथ्याची फाइलच उचलली. एकशे नव्वदचा पंच्याऐंशी! फाइल समोर धरून तिनं फोटो काढला, डॉक्टर मावसभावाला पाठवला. मग फेरिटिनच्या, सुजेच्याच दुसऱ्या आकड्याच्या, रिपोर्टचा काढला. तो हलला, म्हणून परत काढला. "ताई, वेळ संपली," सिस्टर म्हणाल्या.

जिन्यातूनच तिनं गावी फोन लावला. "आई, आकडा निम्म्याखाली आला!"

"मला नाही गं आकडे कळत," सासूबाई म्हणाल्या. "डोळे उघडले का त्यानं?"

वृंदाला काही केल्या आठवेना. तिनं घाईघाईनं फोटो उघडले. प्रत्येक फोटोत, फाइलच्या कडेमागं, शिरीषचा हात तिच्या दिशेनं उचललेला होता.